बाईची ‘ॲसिडिटी’

हार्ट अटॅक म्हटलं की डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला बाप येतो. छातीवर हात, कपाळावर घाम आणि धाडकन सोफ्यावर! आईला काय होतं? आईला ॲसिडिटी होते.

18 मे 2017 ला रीमा लागू हृदयविकारानं गेल्या. वय 58. हळहळलो सगळेच. पण त्यानंतर आपापल्या घरातल्या पन्नाशीच्या बायकांची तपासणी किती जणांनी करून घेतली?

हे फक्त घरातच होतं असंही नाही. डॉ. बर्नाडीन हीली या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी 1991 मध्ये याला ‘येंटल सिंड्रोम’ असं नाव दिलं. येंटल ही कथेतली ज्यू मुलगी, शिकायला मिळावं म्हणून मुलाचा वेष घेणारी. तसंच, बाईचा आजार पुरुषासारखा दिसला तरच तिला पुरुषासारखे उपचार! ॲस्पिरिननं हार्ट अटॅक टळतो का, हे पाहणाऱ्या तिकडच्या गाजलेल्या अभ्यासात 22,071 डॉक्टर होते. एकजात पुरुष.

छातीत दुखणं बायकांनाही होतंच. पण मळमळ, धाप, जबडा किंवा पाठ दुखणं, विनाकारण गळून जाणं, हेही त्यांच्यात जास्त दिसतं. मग जिरं-ओवा, लिंबूपाणी, आणि "आधी सगळ्यांची जेवणं होऊ देत".

आता आपलं लोणावळा घ्या. पुणं पासष्टेक किलोमीटर. त्यात शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी. भारतातल्या 20 हजारांवर रुग्णांची पाहणी 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली होती. निम्म्या रुग्णांना दवाखाना गाठायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. हृदयाचा स्नायू तोवर मरत असतो. रस्ता आपल्या हातात नाही, पण घरातला वेळ आहे ना!

मला वाटतं, एक नियम करावा. घरातल्या पुरुषाला जे झाल्यावर आपण गाडी काढली असती, ते बाईला झालं की तेवढ्याच घाईनं निघायचं. गाडी नसेल तर 108. दवाखान्यात "गॅस असेल" असं ऐकू आलं तर नम्रपणे पण ठामपणे म्हणायचं, "डॉक्टर, आधी ईसीजी काढा." पोचल्यापासून दहा मिनिटांत तो निघायला हवा, हा डॉक्टरांचाच नियम आहे. पहिला नॉर्मल आला आणि त्रास थांबला नाही, तर पुन्हा काढायला सांगायचं.

आणि समस्त काकू, माम्या, आत्या, मावश्यांनो, कुकरची शिट्टी दुसरं कुणीही मोजू शकतं. तुम्ही फक्त वेळेवर बोला.