मेंढरांच्या मागे माणसं आहेत

भाताची झोडणी उरकली की दर साली घाटावरून मेंढरांचे कळप खाली उतरतात. माळशेज उतरून मुरबाड, भिवंडी करत काही वाडे, म्हणजे धनगरांचे तळ, आपल्या वसई तालुक्यातही येतात. घोड्यावर सगळा संसार, त्यावरच कोंबड्या नि करडं बांधलेली. यंदाही संघटनेच्या बैठकीत विषय निघाला, यांना रानात येऊ द्यायचं का? काही पाड्यांनी सरळ सांगितलं, हाकलून द्या. आम्हाला काय वाटतं ते स्पष्ट लिहितो.

तक्रार खोटी नाही. भात निघाल्यावर ओलीवर पेरलेला वाल मेंढरं एका रात्रीत साफ करतात. रानातला कोवळा फुटवा खातात. नुकसान झालं तर भरपाई मागायचीच. पण त्याच मेंढरांना आपल्यातलेच शेतकरी बोलावून शेतात बसवतात. रात्रभराच्या लेंड्या नि मूत हे पुढच्या भाताचं खत, बदल्यात थोडे तांदूळ किंवा रोकड. खताच्या गोणीचा भाव बघा, मग कोण कुणावर उपकार करतं ते कळेल.

वर त्यांच्या गावाकडे काय चाललंय? ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सिन्नर, येवला, शिरूर, दौंड, पुरंदर, बारामती, इंदापूर ही त्यातलीच नावं. सवलती कोणत्या दिल्या? शेतसाऱ्यात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ, गरजेप्रमाणे टँकर. आता ज्याच्याकडे सातबारा नाही, पंप नाही, नुसती मेंढरं आहेत, त्याच्या वाट्याला यातलं काय आलं? पोरगं शाळेत असेल तर फी. टँकर गावात येतो, वाड्याच्या मागे माळावर फिरत नाही. दुष्काळ जमिनीवर पडतो असं सरकारी कागदाला वाटतं. जित्राबाच्या मागे चालणारं माणूस त्या कागदात बसतच नाही.

राहिलं रेशन. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट आहे. पण धान्य गावच्या दुकानात नि खाणारी तोंडं घाटाखाली. नियम सांगतो, कार्ड दुसऱ्या दुकानातही चालतं, मशीनवर अंगठा लावा नि घ्या. दुकानदार सांगतो, कोटा संपला, तुमच्या गावाला जा.

हे बोलणं आपल्याला नवं आहे का? जव्हार-मोखाड्याची आपली माणसं दिवाळीनंतर वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतात, त्यांना हेच ऐकवतात. अंगठा उठत नाही, आधार जोडलेलं नाही, पुढच्या महिन्यात या. चार दिवसांची मजुरी बुडवून खेपा घालायच्या. करोनात खावटीचे चार हजार जाहीर झाले, दोन हजार रोख नि दोन हजारांचा माल. ते हातात पडेपर्यंत किती दमछाक झाली ते विसरलेलो नाही. फिरत्या माणसाच्या पोटाचं दुःख आपल्याला कुणी शिकवायला नको.

एक गोष्ट घोळात जाऊ नये. धनगर समाजाला अनुसूचित जमातीत घ्यायच्या मागणीला आपला विरोध आहे नि राहील. मुंबई उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या याचिका फेटाळल्या. पण शेतात उघड्यावर तीन दगडांची चूल मांडून बसलेल्या बाईवर तो राग काढणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. पुढाऱ्यांशी भांडायचं तिथे भांडू.

रानाचं म्हणाल तर वनहक्क कायदा आपण लढून मिळवला, तो नीट वाचू या. कलम ३ मध्ये फिरत्या पशुपालकांचा चराईचा, हंगामी वापराचा हक्क लिहिलाय. नियम १२ सांगतो, त्यांच्या दाव्याची तपासणी ते हजर असतानाच करायची. आणि कलम ५ रानाची राखण ग्रामसभेला देतं. म्हणजे कळप कुठे, किती दिवस, हे गार्डने कोपऱ्यात नेऊन ठरवायचं नाही. तुंगारेश्वरचं २००३ साली अभयारण्य झालं, तरी राखणीची ताकद आपण कुणाच्या हातात सोडलेली नाही. बिगर-आदिवासी असल्यामुळे त्यांना ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. सारखं चालणाऱ्याने कागद कुठे जपायचा? पण म्हाताऱ्यांची लेखी साक्ष कायद्याला चालते. त्यांचे आजे-पणजे या वाटेने येत होते हे सांगू शकणारे म्हातारे आपल्याच पाड्यांवर आहेत.

तेव्हा शिमग्याआधी प्रत्येक ग्रामसभेने बसावं. वालाची शेतं नि नवीन लागवड बंद, चरायची जागा, पाण्याची जागा नि दिवस ठरवून ठराव लिहावा. वाड्यावरच्या बायांनाही सभेत बोलवा. नुकसान झालं तर पाड्यावरच दोन्हीकडची माणसं बसवून त्याच दिवशी मिटवा. वाड्यात तोंडं किती, कार्ड कोणत्या गावचं, दुकानदार काय बोलला, हे लिहून संघटनेकडे द्या. वीटभट्टीवाल्यांच्या यादीलाच ती नावं जोडू आणि वसई तहसील कचेरीवर एकच मोर्चा नेऊ. पावसाच्या तोंडाला वाडे परत घाट चढतात, त्याआधी हे काम उरकायचं आहे.