परीक्षा आणि प्रतिक्रमण

पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाची परंपरा अहिल्यानगर जिल्ह्यातील जैन घरांना परिचित आहे. त्याच घरांतील तरुण आता ‘प्रॉडक्ट ओनर’ प्रमाणपत्राची तयारी करू लागले आहेत. स्क्रम डॉट ऑर्गच्या प्राथमिक परीक्षेत ६० मिनिटांत ८० प्रश्न सोडवावे लागतात. उत्तीर्ण होण्यास ८५ टक्के गुण हवेत. छोटीशी ‘स्क्रम गाइड’ मुखोद्गत केली, तरी तिचे मर्म उमगावे लागते. काम फार तर महिन्याभराच्या टप्प्यांत करावयाचे आणि प्रत्येक टप्प्याअखेर स्वतःच्या कार्यपद्धतीतील उणिवा तपासावयाच्या, हे ते मर्म. पाक्षिक प्रतिक्रमण करणाऱ्यास ते नवे नाही. मात्र चूक नोकराच्या माथी मारून गल्ला बंद करणाऱ्यास प्रमाणपत्र लाभले, तरी विद्या लाभणार नाही.