काठावरच्या बोटी कोणाच्या?

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या जलाशयावर पर्यटन विकास महामंडळाने बोट क्लब उभारला. इमारत झाली, सार्वजनिक पैशातून बोटी आल्या आणि पुढे काही वर्षे त्या तशाच पडून राहिल्या. त्यांपैकी काही बोटी तापीकाठच्या सारंगखेड्याला नेल्या, तेव्हा मात्र नाशिकच्या पुढाऱ्यांत खळबळ उडाली. बोट कोणत्या जिल्ह्यात असावी यावर वाद रंगला. ती कोणाच्या उपयोगी पडावी, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रकरणाचे मूळ सरकारी हिशेबाच्या पद्धतीत आहे. नवी वस्तू विकत घेणे हा भांडवली खर्च. त्याला मंजुरी मिळते, उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. तिची निगा, नावाड्याचा पगार, इंधन, विमा हा दरवर्षीचा महसुली खर्च. त्याची कोनशिला कोणी बसवीत नाही. म्हणून बोट येते, नावाडी येत नाही. फायबरची बोट वर्षानुवर्षे उन्हात पडली की तिचा वरचा लेप तडकतो व भेगांतून पाणी मुरू लागते. इंजिनातले जुने पेट्रोल चिकट होऊन नळ्या बुजवते, रबरी भाग कडक होतात. मग तीच बोट 'नादुरुस्त' ठरते आणि नव्या खरेदीचा प्रस्ताव निघतो! वस्तुतः त्यातल्या बऱ्याच बोटी राळ, काचेचे कापड आणि एखादा जाणता कारागीर मिळाला तर पुन्हा पाण्यात उतरू शकतात.

आता दुसऱ्या काठाकडे पाहू. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. ही माणसे सहलीला निघाली नव्हती. धरणाच्या पाण्याने दुरावलेल्या दोन काठांना जोडणारी ती त्यांची रोजची वाट होती. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारीच नाव उलटली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळमध्ये पाणी शिरले, माणसे दगावली. पुढच्याच महिन्यात मराठवाड्यातील अनेक जिल्हे पुराखाली गेले. लष्कर येते, बचाव पथके येतात. पण ती पोहोचेपर्यंतचे तास गावकऱ्यांनाच काढावे लागतात.

आमच्या जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे धरण आहे. अलीकडचा काठ परभणी जिल्ह्यात, तर पलीकडचा सेनगाव तालुका १९९९ पासून हिंगोलीत. पाण्याला ही सीमा ठाऊक नाही. संकटात मदत मागणाऱ्याला मात्र ती आडवी येऊ शकते. अशा जलाशयांवर मासेमारी करणारे भोई बांधव पाणी ओळखतात, वारा ओळखतात. राज्यात जिथे जिथे सरकारी बोटी पडून आहेत, तिथल्या कामाजोग्या बोटी दुरुस्त करून मच्छीमार सहकारी संस्थांकडे नाममात्र भाड्याने सोपवाव्यात. एरवी त्यांनी त्या वाहतुकीला वा मासेमारीला वापराव्यात. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दुरुस्ती निधीत जमा करावा. पावसाळ्यात तहसीलदारांनी बोलावताच बोट व नावाडी हजर व्हावेत, त्याचा मोबदला सरकारने द्यावा.

यावर कोणी कायद्याचा बाऊ करील. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा २०२१ मध्ये झाला. त्यात नोंदणी व तपासणीची तरतूद आहे. ती पाळलीच पाहिजे. किंबहुना तपासणीविना, जीवरक्षक जाकिटांविना बोट सोपविणे म्हणजे दुसऱ्या ब्रह्मनाळची तयारी. सहलीची प्रत्येक बोट पुराच्या ओढीत टिकत नाही, हेही खरे. पायांनी चालविण्याच्या हंसाकृती नावा मुलांसाठीच ठेवाव्यात. त्यांचा आग्रह कोणी धरू नये.

कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यापासून सुरुवात करावी. किती बोटी घेतल्या, कोणत्या वर्षी, शेवटची दुरुस्ती कधी झाली, आज त्या कुठे आहेत, एवढे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात पर्यटन महामंडळाला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला विचारावेत. अर्जाला दहा रुपये शुल्क लागते. उत्तर आले की मच्छीमार संस्थेच्या दोन जाणत्या माणसांना घेऊन प्रत्यक्ष काठावर जावे, बोटी उलथ्या करून तळ पाहावा आणि मृग लागण्यापूर्वी ती यादी तहसीलदारांच्या हाती द्यावी.