मावसभाऊ, दूधभाऊ आणि पंधरा गुण

माझा भाचा कौशाला राहतो. मागच्या महिन्यात एका रविवारी तो मुंब्र्याहून लोकलने ठाण्याला उतरला आणि पूर्वेच्या बाजूने चालत कोपरीला माझ्या घरी आला. हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मामू, तुमची एक सही हवी होती."

सही प्रतिज्ञापत्रावर हवी होती. हा आणि कॅनडात मिसिसागाला राहणारा माझा दुसरा भाचा एकाच आईची मुलं आहेत, असं मी मामा या नात्याने शपथेवर सांगायचं होतं. मामा मी दोघांचाही आहे. पण ती माझ्या दोन बहिणींची मुलं आहेत.

भाच्याला कॅनडाचा पीआर हवा आहे. तिथल्या 'एक्सप्रेस एन्ट्री'त वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजून उमेदवारांची क्रमवारी लावतात. भाऊ किंवा बहीण तिकडे नागरिक किंवा पीआर असेल, तर जून 2017 पासून 15 गुण जादा मिळतात. भाचा थोडक्यात मागे राहतोय. वय एकोणतीस, तिशी लागली की वयाचे गुणही घटायला लागतात. त्याने ज्या एजंटकडे पैसे भरलेत, त्याने तोडगा काढला: मावसभावाला सख्खा दाखवा, त्याचा जन्मदाखला हरवला म्हणून लिहू आणि घरातल्या थोरल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र जोडू.

मी नाही म्हणालो. तेव्हा त्याने विचारलं, "पण मामू, आम्ही भाऊच आहोत ना?"

हा प्रश्न मला टाळता आला नाही, कारण ते भाऊच आहेत. मिसिसागावाला दोन महिन्यांचा असताना त्याच्या आईला कावीळ झाली. ती दवाखान्यात असेपर्यंत माझ्या थोरल्या बहिणीने त्याला आपल्या अंगावर पाजलं. हा भाचा तेव्हा सव्वा वर्षाचा होता, त्याचंही दूध तुटलं नव्हतं. पुढे दोघं एकाच घरात वाढले, एकाच मदरशात कायदा शिकले. आमच्या घरात 'चुलत', 'मावस' हे शब्द लग्नपत्रिकेपुरते निघतात. एरवी सगळे भाऊच.

पण आपलीच शरीयत इथे काय म्हणते, ते पाहा. आम्ही कोकणी, शाफई. आमच्याकडे दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पाच वेगवेगळ्या वेळा दूध पाजलं की रजाअतचं नातं लागतं. हनफींकडे एकदा पाजलं तरी लागतं. सूरह निसाच्या 23 व्या आयतीत ज्यांच्याशी निकाह हराम, त्यांत दूधआई आणि दूधबहीण आहेत. म्हणजे निकाहच्या प्रश्नात दूधभाऊ हा भाऊच. मात्र उद्या बाप गेला आणि वारसा वाटायची वेळ आली, तर त्याच दूधभावाला एक पैचाही हिस्सा नाही. तिथे रक्ताचं नातं विचारलं जातं. यात आपल्याला विसंगती वाटत नाही. प्रश्न वेगळा, म्हणून नात्याची यादी वेगळी, हे आपण चौदाशे वर्षं मान्य करत आलो आहोत.

कॅनडाचा फॉर्मही तेच करतो. त्याच्या यादीत सावत्र भाऊ चालतो, दत्तक भाऊ चालतो, दूधभाऊ नाही. बायको किंवा नवरा सोबत जाणार असेल तर त्यांचा सख्खा भाऊ, बहीणही चालते. मामा, मावशी, काका यांचे या क्रमवारीत काहीच गुण नाहीत. पण कुशल कामगारांच्या वर्गात पात्र ठरायला आधी 100 पैकी 67 गुण लागतात आणि तिथे हेच मामा-मावशी 5 गुण मिळवून देतात. या दोन वेगळ्या चाळण्या आहेत. अनेक जण त्यांची गल्लत करतात आणि एजंट ती होऊ देतात. मावसभाऊ मात्र दोन्हीकडे शून्य. ऑस्ट्रेलियाची यादी आणखी निराळी आहे. तिथल्या 491 क्रमांकाच्या व्हिसात, ठरवून दिलेल्या भागात राहणारा चुलत-मावसभाऊसुद्धा प्रायोजक होऊ शकतो आणि त्याचे 15 गुण मिळतात.

तेव्हा फॉर्म आपल्या नात्याचा अपमान करतोय, असं मला वाटत नाही. त्याने एक मर्यादित प्रश्न विचारलाय: तुम्हा दोघांची आई किंवा बाप एक आहे का? त्याचं खरं उत्तर 'नाही' असं आहे.

आणि 'हो' लिहायचं तर काय करावं लागलं असतं? माझ्या धाकट्या बहिणीचं नाव तिच्या मुलाच्या कागदावरून पुसावं लागलं असतं. जिने नऊ महिने वाढवला, कावीळ झाली असताना ज्याच्यासाठी रडली, तो मुलगा दुसरीचा, असं तिच्या सख्ख्या भावाने शपथेवर सांगायचं. सूरह अहजाबच्या 5 व्या आयतीत मानलेल्या मुलांनाही त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा, असा हुकूम आहे. वंश बदलू नये, हा त्याचा अर्थ. महाराष्ट्राने 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं केलं, तेव्हा मी आनंदाने लेख लिहिला होता. आता त्याच हाताने एका आईचं नाव खोडू?

व्यवहाराच्या बाजूनेही हा तोडगा आंधळा आहे. मिसिसागावाल्याने स्वतःच्या अर्जाच्या वेळी आई-बाप, भावंडं यांची नावं लिहून दिली आहेत. ती फाइल तिथल्या सरकारकडेच आहे. खोटं उघड झालं तर त्यांच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली पाच वर्षांची बंदी येते. बंदी अर्जदारावर येते, एजंटवर नाही.

मला मात्र आणखी एक गोष्ट जास्त टोचते. 1914 मध्ये 'कोमागाता मारू' जहाजातून 376 हिंदुस्थानी व्हँकुव्हरला पोहोचले. बहुतेक शीख, 24 मुसलमान, 12 हिंदू. मोजके सोडून सगळ्यांना परत पाठवलं गेलं. पुढे 1951 मध्ये भारतासाठी वर्षाला फक्त 150 जणांचा कोटा ठरला. माणसाचा देश आणि वर्ण न पाहता गुण पाहायचे, ही पद्धत आली 1967 मध्ये. ती परिपूर्ण नाही. इंग्रजी शाळेत न गेलेल्याला ती अवघडच आहे. पण त्या गुणपत्रकात माझ्या भाच्याचं आडनाव किंवा धर्म याला गुण नाहीत आणि वजावटही नाही. ठाण्यात भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर फोन ठेवले गेल्याचा अनुभव आपल्यापैकी किती जणांना आहे, हे मी सांगायला नको. जिथे नाव न विचारता मोजतात, त्या मापात आपणच खडा टाकायचा? मग आपल्या भागातून आलेल्या प्रत्येक खऱ्या दाखल्याकडे संशयाने पाहिलं जाईल आणि ते भोगेल दुसऱ्या कुणाचं तरी पोर.

खऱ्या भावंडांचीही अडचण कमी नाही, हे मी जाणतो. एकाच्या दाखल्यावर बाप 'मोहम्मद', दुसऱ्याच्या 'मोहंमद', पासपोर्टवर 'मोहद'. आई कुठे 'फातिमा', कुठे 'फातमाबी'. तिथे प्रतिज्ञापत्र जरूर करावं, कारण त्यात सत्य सांगायचं असतं. अर्जाचं बोलावणं आल्यावर हातात फक्त 60 दिवस असतात. म्हणून स्पेलिंगं आजच तपासा.

आणि परदेशातल्यांनाही एक सांगणं आहे. सख्ख्या भावाने पीआर कार्डाची प्रत आणि पत्त्याचा पुरावा मागितला की काही जण आठवडे-आठवडे फोन उचलत नाहीत. आपण जामीन राहतोय, असं त्यांना वाटतं. या 15 गुणांसाठी तुमच्यावर कसलीही आर्थिक जबाबदारी येत नाही. द्यायचा असतो तो फक्त कागद. सिलारहमीवर बयान ऐकून डोळे पुसणाऱ्याला एवढं जमायला हवं.

भाचा त्या दिवशी नाराज होऊन गेला. रात्री मिसिसागाहून दुसऱ्याचा फोन आला. "मामू, बरं केलंत. अम्मीला हे कळलं असतं तर?" मग म्हणाला, त्याच्यासाठी माझी खोली आहेच, तो कधीही येवो.

हल्ली भाचा फ्रेंच शिकतोय. चांगली फ्रेंच आली तर 50 पर्यंत जादा गुण मिळतात. त्याला जमेल की नाही, मला माहीत नाही. त्याचं फोल्डर अजून माझ्या कपाटात आहे आणि त्यातलं प्रतिज्ञापत्र कोरंच आहे.