वेशीवरचे गाव, तीन नगरसेवक

वेल्सची राजधानी असलेल्या कार्डिफ शहराच्या उत्तर टोकाला ‘लिसव्हेन अँड थॉर्नहिल’ नावाचे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. लोहमार्गाच्या पूर्वेस लिसव्हेन, पश्चिमेस थॉर्नहिल. १९८० च्या दशकात हे स्थानक सुरू झाले, तेव्हा दोन्ही वस्त्यांची नावे एकाच पाटीवर आली. प्रभागाच्या नकाशावर मात्र ही जोडी जमण्यास २०२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या मे महिन्यातील निवडणुकीपूर्वी लिसव्हेन हा स्वतंत्र, एका नगरसेवकाचा प्रभाग होता. थॉर्नहिल शेजारच्या लॅनिशेन प्रभागात मोडत असे आणि तेथून चार नगरसेवक निवडून जात. नव्या रचनेत लॅनिशेनकडे दोन जागा राहिल्या आणि लिसव्हेन व थॉर्नहिल मिळून तीन जागांचा नवा प्रभाग अस्तित्वात आला. पूर्वीही पाच, आताही पाच. बेरीज तीच, वाटणी बदलली. वरवर पाहता ही कारकुनी दुरुस्ती वाटते. पण ज्या गावाला काल ‘आपला’ म्हणून एकच नगरसेवक होता, त्या गावाच्या दृष्टीने हा बदल किरकोळ नाही.

लिसव्हेन हे मुळात कार्डिफचे नव्हेच. १९७४ पर्यंत त्याचा कारभार ग्रामीण जिल्ह्यातून चालत असे. शहराची हद्द मात्र सतत उत्तरेकडे सरकत होती. १९२२ मध्ये लॅनिशेन कार्डिफमध्ये आले, १९६७ मध्ये व्हिटचर्च व रिबाइना आले आणि १९७४ च्या पुनर्रचनेत लिसव्हेनची पाळी आली. गावपणाची एक खूण तेवढी शिल्लक राहिली, ती म्हणजे तेथील कम्युनिटी कौन्सिल. आपल्याकडील ग्रामपंचायतीशी ढोबळमानाने तुलना करता येईल अशी ही सर्वांत खालची पायरी. अवघ्या कार्डिफमध्ये अशी केवळ सहा कौन्सिले आहेत आणि ती सारी शहराच्या कडेला, जुन्या गावांत आहेत. या कौन्सिलसाठी तेथील रहिवाशांच्या करात वेगळी भर पडते. थॉर्नहिलला असे कौन्सिल नाही. म्हणजे एकाच प्रभागातील काही मतदार दोन पायऱ्यांचा कारभार अनुभवतात, तर उरलेल्यांचा संबंध थेट महापालिकेशी येतो. तीन नगरसेवकांनी कोणाचे गाऱ्हाणे कोठे न्यायचे, या साध्या प्रश्नालाही येथे दोन उत्तरे असू शकतात.

ही रेषा कोणी आखली? सत्ताधारी पक्षाने नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. वेल्समध्ये हे काम स्वतंत्र सीमा आयोगाकडे आहे. आयोग मसुदा काढतो, हरकती व सूचना मागवतो, शिफारस करतो आणि वेल्स सरकारचे मंत्री त्यावर आदेश काढतात. मंत्र्यांना शिफारशीत फेरफार करण्याचा अधिकार आहे, पण पहिली पेन्सिल आयोगाच्या हाती असते. वेल्स विधिमंडळाच्या २०१३ च्या कायद्याने आयोगापुढे कसोट्या ठेवल्या. दर नगरसेवकामागील मतदारसंख्या शक्य तितकी समान हवी, सीमा सहज ओळखू येण्याजोग्या हव्यात आणि स्थानिक बंध तुटू नयेत. त्याखेरीज पुढील पाच वर्षांत मतदारसंख्या कशी बदलेल याचाही विचार व्हावा. यातील पहिली कसोटी आकड्यांची आहे, म्हणून ती नेहमी जिंकते. बंध मोजता येत नाहीत.

कार्डिफमध्ये या कसोट्या लागू झाल्या त्या बऱ्याच उशिरा. १९९९ मध्ये ७५ नगरसेवकांची रचना अमलात आली आणि किरकोळ बदल वगळता तीच २०१७ च्या निवडणुकीपर्यंत टिकली. मधल्या काळात शहर मात्र थांबले नव्हते. २०२२ मध्ये नगरसेवकांची संख्या ७९ झाली आणि प्रभाग २९ वरून २८ वर आले. प्रभाग घटले आणि सदस्य वाढले, याचा अर्थ प्रभाग सरासरीने मोठे आणि बहुसदस्यीय झाले.

बहुसदस्यीय प्रभाग पुणे-नाशिकच्या वाचकाला नवा नाही. तेथे मात्र एक मोठा फरक आहे. आपल्याकडे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा जागांसाठी वेगवेगळे मतदान होते. कार्डिफमध्ये सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात, मतदार तीन जागांसाठी तीनपर्यंत फुल्या मारतो आणि सर्वाधिक मते मिळवणारे तिघे निवडून येतात. बहुसंख्य मतदार तिन्ही फुल्या एकाच पक्षाला देत असल्याने थोडी आघाडी असलेला पक्ष तिन्ही जागा खिशात घालू शकतो. एकसदस्यीय लिसव्हेनमध्ये गावाचा कौल गावातच मोजला जाई. आता तो थॉर्नहिलच्या मतांत मिसळतो. तिन्ही नगरसेवक लोहमार्गाच्या एकाच बाजूला राहणारे निघाले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही.

या पद्धतीत शहरभर काय घडते ते कार्डिफचे निकाल सांगतात. २००८ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाने ३५ जागा जिंकल्या होत्या, तर लेबर पक्ष १३ वर घसरला होता. चारच वर्षांनी लेबरने ४६ जागा घेतल्या आणि लिबरल डेमोक्रॅट १६ वर आले. २०१७ मध्ये लेबर ४० आणि कंझर्व्हेटिव्ह २० असे चित्र होते. २०२२ मध्ये सभागृहात चार जागा वाढूनही कंझर्व्हेटिव्ह ११ वर आले, लिबरल डेमोक्रॅटांना १० जागा मिळाल्या आणि लेबरने ५५ पटकावल्या. उत्तरेकडील उपनगरे हा कंझर्व्हेटिव्हांचा परंपरागत आधार मानला जातो. पण त्या आधाराचे वजन ७९ जणांच्या सभागृहात किती, हे या आकड्यांवरून उघड होते.

आणि उपनगराला ज्या प्रश्नाने सर्वाधिक ग्रासले आहे, तो नेमका या सभागृहातच सुटतो किंवा अडतो. हा प्रश्न घरांचा आहे. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने विकास आराखडा मंजूर केला. २००६ ते २०२६ या वीस वर्षांत ४१,४०० नवी घरे हे त्याचे उद्दिष्ट होते. त्यांपैकी मोठा वाटा शहराच्या कडेच्या मोकळ्या, हिरव्या जमिनीवर टाकण्यात आला. लिसव्हेन व पाँटप्रेनाऊ यांच्या दरम्यानच्या एकाच पट्ट्यात सुमारे साडेचार हजार घरे आखली गेली. जेथे गल्लीवजा रस्ते आणि कुरणे होती, तेथे शाळा, बस आणि सांडपाणी या सर्वांची नवी मांडणी करणे आले. पुढील आराखड्याच्या धोरणात महापालिकेने आणखी हिरवी जमीन न घेता पूर्वी वापरलेल्या जागांवर भर देण्याचे ठरवले, ही त्या अनुभवाची कबुलीच मानावी लागेल. पण आधी मंजूर झालेली घरे उभी राहतच आहेत.

येथे चक्र पूर्ण होते. घरे कोठे बांधायची ते महापालिका ठरवते, घरांमागून मतदार येतात आणि मतदारांमागून आयोगाची रेषा सरकते. आयोगाने रेषा कितीही निःपक्षपातीपणे आखली तरी ती कोठून जाणार हे बरेचसे आधीच्या आराखड्याने ठरवून टाकलेले असते. लिसव्हेनकरांची तक्रार प्रभागाच्या नावाबद्दल किंवा जोडणीबद्दल असो, तिचे मूळ आराखड्यात आहे. तेथे त्यांच्या एका नगरसेवकाचे मत पूर्वी ७५ पैकी एक होते, आता तीन मते ७९ पैकी आहेत. तिन्ही नगरसेवकांनी एकमुखाने विरोध केला तरी गणित फारसे हलत नाही.

मग मतदान पद्धत बदलावी काय? २०२१ च्या कायद्याने वेल्समधील प्रत्येक कौन्सिलला पसंतीक्रमाची, म्हणजे एकल संक्रमणीय मताची पद्धत स्वीकारण्याची मुभा दिली आहे. आपल्याकडे राज्यसभेसाठी आमदार ज्या पद्धतीने मतदान करतात तीच ही. त्यासाठी प्रभाग तीन ते सहा सदस्यांचा असावा लागतो, म्हणजे लिसव्हेन व थॉर्नहिल त्या चौकटीत बसतो. अट एकच, पण कठीण आहे. हा ठराव दोनतृतीयांश बहुमताने व्हावा लागतो. जुन्या पद्धतीने ७९ पैकी ५५ जागा ज्याच्या पदरात टाकल्या, तो पक्ष ती पद्धत आपण होऊन सोडेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. वेल्सच्या विधिमंडळाने स्वतःसाठी मात्र वेगळा मार्ग निवडला. २०२४ च्या कायद्याने तेथे सदस्यसंख्या ९६ करून सोळा मतदारसंघांतून प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची रचना ठरवण्यात आली. म्हणजे त्याच लिसव्हेनच्या मतदाराचे मत विधिमंडळासाठी एका रीतीने मोजायचे आणि गल्लीतल्या दिव्यासाठी दुसऱ्या.

ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेल्समधील २२ कौन्सिलांच्या पुढील निवडणुका मे २०२७ मध्ये आहेत. तेथे सोळाव्या वर्षी मताधिकार मिळतो आणि स्थानिक निवडणुकीसाठी छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची सक्ती नाही. राष्ट्रकुलातील नागरिकांनाही नोंदणी करता येते. त्यामुळे वास्तव्याचा परवाना असलेल्या भारतीय नागरिकाला पारपत्र न बदलता तेथील नगरसेवक निवडता येतो आणि पात्रतेच्या अटी पूर्ण केल्यास त्या जागेसाठी उभेही राहता येते. कार्डिफचे मोठे विद्यापीठ रुग्णालय याच उत्तर भागात, हीथ येथे आहे. तेथे व आसपास नोकरीनिमित्त गेलेल्या अनेकांना हा हक्क आपल्याला आहे याची कल्पनाही नसते. नव्या वसाहतींत, २०२२ मध्ये ज्या घरांचा पायाही खणला गेला नव्हता, तेथे आता पडदे लागले आहेत. तेथील रहिवाशांची नावे यादीत किती येतात, यावर आयोगाची पुढची रेषा अवलंबून राहील.