दाद

मराठी आणि उर्दू या दोन भाषांचे खेळाचे मैदान एकच आहे. 'मैदान' हा शब्दच पाहा. तुम्ही घरी मैदान म्हणता आणि मराठीच्या तासालाही मैदानच म्हणता. कुस्ती, पहिलवान, कसरत, हिंमत, शाबास हे शब्दही उच्चाराच्या थोड्या फरकाने दोन्हीकडे चालतात. असाच आणखी एक शब्द आहे, 'दाद'. चांगला शेर ऐकला किंवा चांगला खेळ पाहिला, की आपण दाद देतो. येथे दाद म्हणजे वाहवा. पण मराठीत 'दाद मागणे' असाही वाक्प्रचार आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, तो न्यायालयात दाद मागतो. येथे दाद म्हणजे न्याय. फारसीतून आलेल्या या छोट्याशा शब्दात कौतुक आणि न्याय असे दोन अर्थ शेजारी-शेजारी बसले आहेत.

या लेखात ज्या खेळाडूंविषयी लिहायचे आहे, त्यांना पहिली दाद कधीमधी मिळते. दुसरी दाद मात्र अजून मिळायची आहे.

हे खेळाडू म्हणजे बौद्धिक दिव्यांग मुले आणि मुली. शिकायला, समजून घ्यायला आणि रोजचे व्यवहार करायला त्यांना इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो, अधिक मदत लागते. पूर्वी त्यांना 'मतिमंद' म्हणत. शाळांच्या जुन्या पाट्यांवर तो शब्द अजूनही दिसतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात अशा व्यक्तींची संख्या पंधरा लाखांच्या वर नोंदली गेली. म्हणजे ही मुले कुठे दूर नाहीत. ती आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच गल्लीत राहतात.

तरीही मैदानावर ती का दिसत नाहीत? एखाद्या शाळेचा क्रीडादिन आठवा. चुन्याच्या रेषा आखलेल्या असतात, शिट्टी वाजते, मुले धावतात. शेवटच्या रेषेवर दोरी धरून एक मुलगा उभा असतो. कोणी त्याला पाणी आणायला सांगते, कोणी खुर्च्या उचलायला सांगते. तो सगळी कामे आनंदाने करतो. पण "तू धावतोस का?" असे त्याला कोणी विचारत नाही. एखाद्या वर्षी विचारलेच, तर त्याला सर्वांबरोबर पळवतात. तो मागे राहतो. लोक हसतात. मग कोणीतरी दयाळूपणे टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांत मायेचा ओलावा असेलही, पण त्याच्या खेळाची दखल त्यात नसते. तो किती सेकंदांत धावला, हे कोणी पाहिलेलेच नसते.

वऱ्हाडासारख्या मुलखात हे व्हावे, याचे वाईट वाटते. आपल्याकडे खेळाचे वेड जुने आहे. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. शंभर वर्षांहून अधिक काळ देशभरातली मुले व्यायाम आणि खेळ शिकण्यासाठी तेथे येत आहेत. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुष्टियुद्धाचे खेळाडू घडतात. कोणी पहाटे उठून दंड-बैठका मारतो, कोणी मल्लखांबाला तेल लावतो, कोणी हाताला पट्ट्या बांधून सराव करतो. अशा मुलखाला खेळातला न्याय वेगळा शिकवावा लागू नये.

काही लोक म्हणतात, "जो मुलगा शंभर मीटर धावायला इतरांच्या दुप्पट वेळ घेतो, त्याला खेळाडू कसे म्हणायचे? त्याला पदक देणे म्हणजे निव्वळ लाड आहेत." हा आक्षेप टाळून चालणार नाही. त्याचे उत्तर आपल्याच आखाड्यात आहे. सत्तावन्न किलो वजनाच्या पहिलवानाला आपण सव्वाशे किलोच्या पहिलवानाशी लढवत नाही. मुष्टियुद्धात वजनाचे गट असतात. शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालील आणि सतरा वर्षांखालील असे वेगळे गट असतात. हलक्या वजनाच्या गटात जिंकलेल्या पहिलवानाला "तुझे लाड केले" असे कोणी म्हणत नाही. जोडीला जोड मिळाली तरच खेळ खरा होतो, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. मग हाच नियम बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना लावताना आपण का अडखळतो?

हा विचार जगात एका बाईंनी नेटाने पुढे नेला. त्यांचे नाव युनिस केनेडी श्रायव्हर. त्यांची बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. १९६२ साली युनिसबाईंनी आपल्या घराच्या अंगणातच अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केले. त्यातूनच पुढे २० जुलै १९६८ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात पहिली 'स्पेशल ऑलिम्पिक' स्पर्धा भरली. अमेरिका आणि कॅनडा या देशांतले सुमारे एक हजार खेळाडू तिच्यात उतरले होते.

या स्पर्धेची रीत समजून घेण्यासारखी आहे. आठ वर्षे पूर्ण झालेल्या कोणत्याही बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला तिच्यात भाग घेता येतो. आधी प्रत्येकाची चाचणी होते. मग वय पाहून, मुलगे व मुली असे वेगळे करून आणि चाचणीतली वेळ पाहून गट पाडतात. सारख्या ताकदीचे खेळाडू एका गटात येतात. सोपे यश मिळावे म्हणून चाचणीत मुद्दाम हळू धावणेही चालत नाही. अंतिम शर्यतीतली कामगिरी चाचणीपेक्षा प्रमाणाबाहेर चांगली निघाली, तर खेळाडू बाद होऊ शकतो. याला लाड म्हणता येईल का? ही तर शिस्त झाली. याशिवाय बौद्धिक दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघात मिळून खेळतात, असेही सामने असतात.

या गोष्टीचा आणि अमरावतीचा एक विलक्षण धागा जुळतो. १९३६ साली जर्मनीतील बर्लिन शहरात ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या. त्या वेळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले होते. त्यांनी कबड्डी आणि इतर भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून परदेशी लोकांची दाद मिळवली. पण त्याच देशात त्या काळी काय चालले होते? तेथील हिटलरच्या सरकारने १९३३ मध्येच एक कायदा केला होता. बौद्धिक दिव्यांगांसारख्या लोकांना मुले होऊ नयेत, म्हणून त्यांच्यावर सक्तीने शस्त्रक्रिया केल्या जात होत्या. १९३९ नंतर तर मनोरुग्ण व दिव्यांग माणसांना ठार मारण्याची मोहीमच निघाली. सत्तर हजारांहून अधिक जीव तिच्यात गेले. त्या मोहिमेचे कार्यालय बर्लिनमध्येच होते.

त्याच बर्लिनमध्ये जून २०२३ मध्ये स्पेशल ऑलिम्पिकच्या जागतिक स्पर्धा झाल्या. उद्घाटन १९३६ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या क्रीडागारातच झाले. जगभरातून सुमारे सात हजार बौद्धिक दिव्यांग खेळाडू तेथे आले होते. एके काळी ज्यांना जगण्याचाही हक्क नाकारला गेला, त्यांच्यासारख्याच मुलामुलींनी तेथे आपापल्या देशाचा झेंडा हातात घेऊन संचलन केले. भारताच्या खेळाडूंनी या स्पर्धांत २०२ पदके मिळवली; त्यांतली ७६ सुवर्णपदके होती. आता मनाशी विचार करा, या विजेत्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येते का? क्रिकेटच्या संघातली अकरा नावे मात्र आपण एका दमात म्हणून दाखवतो.

एक नाव मात्र लक्षात ठेवा, दीप्ती जीवनजी. ही मुलगी आपल्या शेजारच्या तेलंगणातील वरंगळ जिल्ह्यातल्या कल्लेडा या खेड्यातली. घरची परिस्थिती गरिबीची. लहानपणी गावातले लोक तिला नावे ठेवत. पण शाळेत असतानाच तिचे धावणे जाणकारांच्या नजरेत भरले. पुढे प्रशिक्षक नागपुरी रमेश यांनी तिला घडवले. मे २०२४ मध्ये जपानमधील कोबे येथे तिने ४०० मीटर अंतर ५५.०७ सेकंदांत तोडले. त्या वेळी तो जागतिक विक्रम ठरला. त्याच वर्षी पॅरिसच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. तिच्या गटाला 'टी-२०' म्हणतात. क्रिकेटशी त्याचा काही संबंध नाही. बौद्धिक दिव्यांग धावपटूंच्या गटाचे ते नाव आहे. पुढे तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला. नावे ठेवणारे गाव होतेच. पण कोणीतरी तिला धावताना नीट पाहिले, म्हणून हे घडले.

या गटाला पॅरालिम्पिकमध्ये टिकून राहणेही सोपे गेले नाही. २००० साली सिडनीला स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्णपदक जिंकले. नंतर उघड झाले, की त्यांच्या बारा खेळाडूंपैकी दहा जण बौद्धिक दिव्यांग नव्हतेच. लबाडी त्या लोकांनी केली, पण शिक्षा सगळ्या निरपराध खेळाडूंना झाली. बौद्धिक दिव्यांगांच्या स्पर्धाच बंद केल्या गेल्या. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, त्याही मोजक्या खेळांत. खोटा दाखला काढणारा माणूस कोणाच्या ताटातला घास पळवतो, हे यावरून कळते. आपल्या जिल्ह्यातही दिव्यांगांच्या दाखल्याबाबत ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

आता पुन्हा वऱ्हाडात येऊ. अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर नावाचे गाव आहे. तेथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांसाठी बालगृह चालवले. रस्त्यावर, स्थानकावर सोडून दिलेल्या बौद्धिक दिव्यांग आणि मूकबधिर मुलांना त्यांनी आपले नाव दिले. मुलांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून त्यांचेच नाव लागते. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या बालगृहाला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे संस्थापक अंबादासपंत वैद्य यांचे नाव दिलेले आहे. व्यायामाचा वसा घेतलेल्या माणसाचे नाव बौद्धिक दिव्यांग मुलांच्या घरावर असावे, ही किती अर्थपूर्ण गोष्ट आहे! नावाने जुळलेले हे नाते प्रत्येक मैदानावर दिसायला हवे.

शंकरबाबा अनेक वर्षे एक मागणी करत आले आहेत. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याप्रमाणे त्याला बालगृह सोडावे लागते. पण ज्याला स्वतःचा सांभाळ करता येत नाही, त्याने अठराव्या वाढदिवसानंतर कोठे जावे, हा त्यांचा प्रश्न आहे. खेळाचेही तसेच आहे. विशेष शाळेत असेपर्यंत मुलगा धावतो, गोळा फेकतो, पदकही आणतो. शाळा सुटली की खेळ सुटतो. पदक खिळ्याला टांगले जाते आणि खेळाडू घराच्या ओट्यावर बसून राहतो. खरे तर शरीराची खरी ताकद याच वयात येते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळात भाग घेण्याचा दिव्यांगांचा हक्क मान्य केला आहे. त्यासाठी सोयी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. म्हणजे कागदावर न्याय झालेला आहे. तो मैदानापर्यंत पोचायचा आहे. आपल्याकडे मनावर घेतले तर कामे किती झपाट्याने होतात, हे आपण पाहिले आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा सुमारे १०५ तासांत सलग अंथरला गेला. गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. एवढा मोठा रस्ता पाच दिवसांत होतो, तर घरापासून मैदानापर्यंतची वाट या मुलांसाठी मोकळी करायला किती दिवस लागावेत?

फार पैसा लागेल असेही नाही. तालुक्याच्या मैदानावर आठवड्यातले तीन तास या खेळाडूंसाठी राखून ठेवावेत. अठरा वर्षांवरच्यांनाही तेथे यायला मोकळीक असावी. शारीरिक शिक्षणाचे धडे घेणाऱ्या तरुणांनी त्यांना शिकवावे. वर्तमानपत्रांनी त्यांच्या बातमीत पाहुण्यांच्या नावांआधी खेळाडूचे नाव, खेळ आणि वेळ छापावी. आईवडिलांनी लोकलाजेने मुलाला घरात दडवून ठेवू नये.

आणि मुलांनो, तुमच्या हातातही काही आहे. गल्लीतल्या अशा मित्राला 'पागल', 'येडा' म्हणून हाक मारू नका. त्याचे नाव घ्या. संध्याकाळच्या क्रिकेटमध्ये त्याला चेंडू आणायला पाठवता, तशी फलंदाजीची पाळीही द्या. नियम त्याला दोनदा सांगावा लागेल, कदाचित दहादा सांगावा लागेल. तुम्हाला सायकल तरी पहिल्याच दिवशी कुठे आली होती?

पुढच्या क्रीडादिनी त्या मुलाच्या हातातली दोरी दुसऱ्या कोणीतरी धरावी. त्याच्या जोडीचे आणखी तीन-चार खेळाडू शेजारच्या शाळांतून बोलवावेत. शिट्टी वाजावी. गुरुजींनी घड्याळ लावावे. तो धावून आला की त्याची वेळ फळ्यावर त्याच्या नावापुढे लिहावी. आणि मग मनापासून टाळ्या वाजवाव्यात.