चाक बांधून घेताय? आधी एकूण वजन सांगा!

दूधवाल्यांकडे असायची ती जुनी काळी सायकल आठवते? तिच्या पुढच्या चाकात ३२ आरे असायचे आणि मागच्या चाकात ४०. स्वाराचं, कॅरिअरचं आणि दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कॅनचं बरंचसं वजन मागच्या चाकावर येतं, म्हणून तिथे आठ आरे जास्त. इतका साधा, व्यवहारी हिशेब.

आज हौसेने गिअरची सायकल घेताना आपला पहिला प्रश्न असतो, "चाक किती हलकं आहे?" मग एखाद्या लांबच्या राइडला मागच्या चाकाचा आरा तुटतो. चाक आउट होतं, रिम ब्रेकला नाहीतर फ्रेमला घासू लागते. घाटाच्या उतारावर असं झालं तर जिवावरच बेततं. तो आरा बदलून घ्यावा, तर महिन्याभरात शेजारचा तुटतो. अशा वेळी बरेच जण नवी चाकं आपल्या मापाने बांधून घ्यायचं ठरवतात. मग हब, रिम, आरे आणि निपल निवडायचे कसे, ते आज बघू या.

सुरुवात वजनापासून

कॅटलॉग उघडण्याआधी एक बेरीज करा. समजा, तुमचं वजन ८० किलो, सायकल १४ किलो आणि सामान १६ किलो. म्हणजे चाकांवर ११० किलो. आता जाणार कुठे, तेही लिहा. रोजचं ऑफिस, २०० ते ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, कोकणातला सागरी रस्ता की मनाली ते लेह? या दोन उत्तरांवरच पुढचं सगळं ठरतं.

आपल्या या ११० किलोवाल्या प्रवाशाला पुढे ३२ आणि मागे ३६ आरे घ्यायला हरकत नाही. "वजन वाढेल ना!" असं कुणी म्हणेल. चार आरे आणि चार निपल मिळून सुमारे ३० ग्रॅम भरतात. दोन घोट पाणी कमी भरलं की फिटलं! मात्र हबला जितकी भोकं, तितकीच रिमला हवीत. ३२ भोकांच्या हबला ३६ ची रिम चालत नाही.

रिम : आकड्यांची गंमत

टायरच्या कडेला ३२-६२२ असा आकडा छापलेला असतो. त्यातला ६२२ म्हणजे टायर जिथे बसतो, त्या जागेचा व्यास मिलिमीटरमध्ये. ७००सी आणि २९ इंच ही नावं वेगळी, पण दोन्हींचा व्यास ६२२ च. उलट आपल्या जुन्या २८ इंची सायकलचा व्यास ६३५, म्हणून तिचा टायर ७००सी रिमवर बसत नाही. जुन्या २६ इंची माउंटन बाइकचा आकडा ५५९. नावापेक्षा हा आकडा पाहून रिम घ्या.

दुसरं माप आतल्या रुंदीचं. ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर लावणार असाल, तर आतून २१ ते २३ मिलिमीटर रुंद रिम छान जमते. प्रवासासाठी डबल वॉल रिमच घ्या. शर्यतीच्या रिमपेक्षा ती थोडी जड असते, पण खड्डे तीच सोसणार आहे.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर रिम दर ब्रेकला थोडी थोडी झिजते. अनेक रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला की रिम बदलायची. डिस्क ब्रेक असेल तर ही काळजी नाही.

हब : इथे हात आखडू नका

रिम झिजते, आरे तुटतात, पण चांगला हब दोन-तीन रिम पुरून उरतो. म्हणून थोडे जास्त पैसे घालायचे तर इथे.

आधी फ्रेमची जागा मोजा. जुन्या रोड बाइकला मागे १३० मिलिमीटर, जुन्या माउंटन बाइकला १३५ आणि आताच्या बऱ्याच डिस्क सायकलींना १२ मिलिमीटर जाडीच्या थ्रू ॲक्सलसह १४२. इथे "बसवू कसंतरी" चालत नाही.

मग बेअरिंग. वाटी-कोनच्या हबमध्ये सुटे छर्रे असतात. कोणत्याही गावातला सायकलवाला ते साफ करून, ग्रीस भरून देतो. कार्ट्रिज बेअरिंग बंद डबीसारखं असतं. त्यावर ६९०२ सारखा नंबर कोरलेला असतो आणि त्या नंबरचं बेअरिंग मोठ्या शहरातल्या बेअरिंगच्या दुकानातही मिळू शकतं. पण ते काढायला-बसवायला वेगळी हत्यारं लागतात. आडवाटेने फिरणाऱ्याने याचा विचार करावा.

स्वस्त गिअर सायकलीत फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवलेलं असतं. त्यात उजवं बेअरिंग बरंच आत राहतं आणि ओझ्याने ॲक्सल वाकू शकतो. सामान वाहायचं असेल तर कॅसेटचा हबच घ्या.

आरे : तुटतात ते ढिले पडून

"आरे फार आवळले म्हणून तुटले," असं आपण सहज म्हणतो. बहुतेक वेळा घडतं ते याच्या उलट. चाकातला प्रत्येक आरा ताणलेला असतो. फिरता फिरता तो तळाशी आला की त्याचा ताण कमी होतो, वर गेला की पुन्हा वाढतो. ३२ मिलिमीटरच्या टायरचं ७००सी चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४६४ वेळा फिरतं. म्हणजे ६०० किलोमीटरच्या एका ब्रेव्हेत प्रत्येक आरा पावणेतीन लाखांहून जास्त वेळा सैल-घट्ट होतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. आरा मुळात ढिला असेल तर हबजवळच्या वळणावर तो हलत राहतो आणि तिथेच तुटतो.

म्हणूनच दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८ मिलिमीटर जाडीचे आरे सरसकट जाड आऱ्यांपेक्षा चांगले टिकतात. बारीक मधला भाग रबरासारखा किंचित ताणला जातो आणि वळणावरचा मार कमी होतो. डीटी स्विस आणि सापिम या कंपन्यांचे असे आरे मिळतात. स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

आरे एकमेकांना ओलांडून तिरपे का लावतात? सरळ हबच्या मध्यातून निघालेला आरा पेडलचा पीळ रिमपर्यंत नीट पोचवू शकत नाही. तिरपा आरा ते ओढून नेतो. इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये अशा बांधणीचं पेटंट घेतलं आणि आजही तीच पद्धत चालते. ३२ किंवा ३६ आऱ्यांना प्रत्येक आरा तीन आरे ओलांडून जातो ती बांधणी उत्तम. डिस्क ब्रेकचा पीळही हबमधूनच येतो, म्हणून तिथे पुढचं चाकसुद्धा तिरपंच बांधायचं.

निपल पितळेचे घ्या. ॲल्युमिनियमचे हलके आणि रंगीबेरंगी असतात, पण समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ते गंजून आऱ्याला चिकटतात. मग आउट काढायला गेलं की फिरण्याऐवजी फुटतात. रत्नागिरी असो, चेन्नई असो की विशाखापट्टणम, हा नियम सगळीकडे लागू.

शेवटी बांधणाऱ्याचा हात

उत्तम सुटे भाग आणून बांधणी कच्ची झाली, तर पैसे पाण्यात. मेकॅनिकला पुढच्या गोष्टी मोकळेपणाने विचारा.

• आऱ्यांची लांबी कशी काढली? हाती आलेली रिम आणि हब मोजून काढलेली असावी. आरा आखूड पडला तर निपलच्या डोक्याला आधार मिळत नाही, लांब झाला तर आट्या संपतात. मागच्या चाकात डाव्या-उजव्या आऱ्यांची लांबी सहसा वेगळी असते.

• ताण मीटरने मोजणार का? मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला साधारण १०० ते १२० किलो ताण ठेवतात, पण रिमच्या कंपनीने दिलेली मर्यादा ओलांडायची नाही. गिअरमुळे रिम हबच्या उजव्या कडेच्या जवळ येते, म्हणून डाव्या आऱ्यांचा ताण कमी असतो. तो दोष नव्हे.

• बांधून झाल्यावर आऱ्यांच्या जोड्या हाताने दाबून बसवून घेणार का? याने आऱ्यांची वळणं जागेवर बसतात. मग पुन्हा आउट काढावा लागतो.

• दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून चाक परत दाखवायला आणू का? चांगला मेकॅनिक स्वतःच "आणा" म्हणेल.

घरच्या घरी तपासा

नवी चाकं घ्यायची नसली तरी आज संध्याकाळी सायकल उलटी करा आणि मुलांना बोलवा. मागच्या चाकाच्या एकाच बाजूचा एकेक आरा नखाने छेडत जा. सगळ्यांचा सूर जवळपास सारखा यायला हवा. दुसऱ्या बाजूचा सूर वेगळा लागेल, तो चालतो. एखादा आरा मध्येच 'ठप्प' वाजला तर तो ढिला आहे. पुढच्या राइडला निघण्याआधी तेवढा आवळून घ्या. घाटात तुटण्यापेक्षा दुकानातली दहा मिनिटं केव्हाही परवडली.